कारागीर म्हणाला, मान खाली घ्या

मंडळी, आज सुट्टी होती म्हणून सकाळी पुनावळ्यातल्या सलूनमध्ये कटिंगला गेलो होतो.

मानेवरचे केस काढायला कारागीर म्हणाला, "भाऊ, मान खाली घ्या." घेतली. आणि पुढच्या क्षणी मी त्याचं वस्तरा धरलेलं मनगट घट्ट पकडलं होतं.

"राव, काय करताय? कापलं असतं की!"

मान खाली गेली की मला अजून सायकलचं पुढचं चाकच दिसतं.

गेल्या वर्षी सायकलवर सामान बांधून मी हजार किलोमीटरच्या रेसला उतरलो होतो. तिसऱ्या दिवशी मानेनं दगा दिला. डोकं छातीवर पडलं, उचलेचना. डोकं वर राहावं म्हणून मी हेल्मेट जुन्या ट्यूबनं पाठीवरच्या बॅगेला बांधलं आणि तसाच निघालो. भर दुपारी ट्यूब सुटली. मागून ट्रेलरचा हॉर्न वाजत होता आणि मला फक्त चाक दिसत होतं. ड्रायव्हरनं मला कसं चुकवलं, देव जाणे. चाकणला कंपनीत जाताना तसे ट्रेलर रोज शेजारून जातात.

खांदे तर आदल्या दिवसापासूनच जळत होते. तेव्हा मी इथंच ग्रुपवर लिहिलं होतं, "आता थांबणार नाही." तुम्ही त्या पोस्टवर भरभरून लाल बदामांचे इमोजी पाठवलेत.

आज कारागिरानं वस्तरा बाजूला ठेवला, माझ्या कपाळाला तळहात लावला. "मी धरलंय. सोडा सैल." तरी मान सैल सुटेना.

पुन्हा रेसला उतरणार आहे. खांदे दुखले की थांबायचं, हे ठरवलंय. पण माझा माझ्यावर भरवसा नाही. मी परत "थांबणार नाही" लिहिलं, तर बदाम न देता कुणी फोन करून "उतर खाली" म्हणाल का?