काळू तांडेलचा ग्रीस लावलेला लॅपटॉप

डहाणूच्या किनाऱ्यावर काळू तांडेलला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्याच्या लॅपटॉपची चेष्टा केली नाही असाही नाही. लॅपटॉप तो केवढा! वहीपेक्षा जरा मोठा, वजनाला पापलेटच्या जोडीएवढा. काळूचा मुलगा पियुष जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण घेत होता, तेव्हा हाच पाठीला लावून फिरायचा. पहिल्या जहाजावर चढताना त्याने तो बापाच्या हाती दिला आणि जगभरातली जहाजं दाखवणारा नकाशा त्यावर उघडून दिला. पियुषचं जहाज म्हणजे त्यातला एक हिरवा बाण. काळूने तांडेल म्हणून मासेमारीची बोट हाकणं सोडलं तेव्हापासून त्याचा दिवस या बाणाने उजाडतो. पियुष आफ्रिकेला वळसा घालतोय की सिंगापूरला उभा आहे, हे अख्ख्या बंदराला माहीत असतं, कारण काळू कोणाला सांगायचं सोडत नाही.

लॅपटॉपला मासळीचा हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. एकदा बायकोने, मालूने, बोंबील साफ करता करता त्याचं झाकण मिटलं, तर स्वारी दोन दिवस घुश्श्यात होती.

पण यंत्र म्हातारं झालं. नकाशा उघडेपर्यंत भात शिजायचा, आणि कधीकधी तर अर्ध्यावरच सगळं थिजायचं. नेमका अशातच पियुषचा फोन आला. रविवारी त्यांचं जहाज गुजरातेतल्या हजिऱ्याहून मुंबईकडे निघणार होतं, डहाणूसमोरून जाणार होतं. उतरायला मात्र परवानगी नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो बाण घरासमोरून जाणार, आणि तो बघायचा लॅपटॉप असा धापा टाकतोय!

"फोनवर बघा की," मालू म्हणाली. "आणि द्या ते डबडं भंगारात."

"फोनवर बाण मुंगीएवढा दिसतो. माझा पोरगा काय मुंगी आहे?"

काळू तडक डहाणू रोडला मनिषच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेला. मनिषने लॅपटॉप उलटापालटा केला आणि म्हणाला, "काका, नशीब तुमचं, याची रॅम बदलता येते. रॅम वाढवू, जुनी डिस्क काढून एसएसडी टाकू. पळायला लागेल बघा." जुनं सगळं त्याने नव्या डिस्कवर उतरवूनही दिलं. पण 'बसवून देतो' म्हणाला आणि तांडेलचा मान दुखावला.

"आयुष्यभर बोटीची इंजिनं खोलली मी. चार स्क्रू मला जड आहेत काय?"

शनिवारी सकाळी ओट्यावर स्वच्छ कापड पसरून काळू कामाला बसला. स्क्रू वाटीत, चष्मा नाकावर, सगळं कसं रीतसर. आणि मग बोटीवर चढणाऱ्या प्रत्येक नव्या लोखंडाला जे करतात, तेच त्याने केलं. ग्रीसचा डबा उघडला आणि रॅमच्या सोनेरी पट्टीला, डिस्कच्या तोंडाला, एकेका स्क्रूला बोटाने प्रेमाने ग्रीस चोपडलं. खारा वारा काय काय खातो ते त्याला ठाऊक होतं. ग्रीसशिवाय नवा नट कोणी लावतं का?

बटण दाबलं. पी-पी-पी झालं आणि पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. काळूचा चेहरा पार उतरला. मालूला टोमणा मारायची अशी संधी जन्मात मिळाली नसती. पण तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि भंगाराचा भ काढला नाही.

"जा मनिषकडे," ती म्हणाली. "तुम्ही नाय जात तर मी जाते."

मनिषने झाकण उघडलं आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, हे काय केलंत? या पट्टीतून वीज जाते. तुम्ही ग्रीसने तिची वाटच अडवलीत."

"अरे, घर समुद्राला लागून आहे माझं! गंजलं असतं म्हणजे?"

मनिषने स्पिरिट आणि ब्रशने सगळं निगुतीने साफ केलं. स्क्रूवरचं ग्रीस मात्र तसंच ठेवलं. "हे राहू द्या, इथे चालतं," तो म्हणाला. मग बटण दाबलं, पडदा उजळला आणि काळूचा जीव भांड्यात पडला.

रविवारी दुपारी नकाशा चुटकीसरशी उघडला. हिरवा बाण उंबरगावच्या पुढे आला, झाई आणि बोर्डी मागे टाकून डहाणूसमोर आला. काळूने समुद्राकडे पाहिलं. नुसतं ऊन चमकत होतं. जहाज नजरेच्या पार पलीकडे होतं.

"कुठाय? बघू!" मालू बोंबलांना मसाला लावता लावता उठून आली आणि हळदीने माखलेलं बोट तिने थेट त्या बाणावर टेकवलं. "जेवला असेल का हो?"

काळूने ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"जेवला असेल," तो म्हणाला.

बाण मालूच्या बोटाखालून हळूहळू दक्षिणेला सरकला. पिवळा ठिपका डहाणूसमोरच राहिला. संध्याकाळी काळूने रोजच्यासारखा लॅपटॉप पुसायला घेतला. कोपरे पुसले, कडा पुसल्या, आणि तेवढा ठिपका सोडून कापडाची घडी केली.