यल्लाप्पा वस्तादाची केळी

यल्लाप्पा हवालदार फौजेतून पेन्शनीत आला, तो गावाकडं शेती करायला गेलाच नाही. राजारामपुरीच्या टोकाला एका निवृत्त कॅप्टननी पासष्ट साली मुलांची कॅडेट शाळा काढली होती, तिथं तो कवायत शिकवायला लागला. पत्र्याचं छप्पर, चाळीस पोरं आणि लाकडाच्या बंदुका, एवढाच काय तो थाट. पण इथली पोरं भरतीत हमखास निघत, म्हणून शाळेचं नाव होतं. ही पोरं काढत होता यल्लाप्पा. पोरं त्याला वस्ताद म्हणत.

त्याची एक युक्ती होती. वजनात कमी पडणाऱ्या पोराला भरतीच्या सकाळी मैदानाबाहेर बसवून तो डझनभर केळी चारायचा, वर तांब्याभर पाणी. काट्यावर चढेपर्यंत लघवीला जायचं नाही. कॅप्टनना हे ठाऊक होतं आणि यात काही पाप आहे असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

सत्तर साली मंगळवार पेठेतल्या शेवंताबाईचा जयसिंग दीड किलोनं कमी भरत होता. बाई विधवा, चार घरची भांडी घासणारी. दहाव्या केळ्याला पोरगं रडकुंडीला आलं.

"वस्ताद, आता मावंना."

"गप गिळ," यल्लाप्पा खेकसला.

जयसिंग पास झाला. एकाहत्तरच्या डिसेंबरात तो लढाईत मारला गेला.

शाळेनं फोटोला हार घातला, भाषणं झाली. यल्लाप्पाला मात्र अन्न गोड लागेना. काटा त्या पोराला घरी धाडत होता, मध्ये आपण तडमडलो, हे त्याच्या मनातून जाईना. सांगायलाही लाज वाटते, पण त्या माउलीच्या दारात जायला या फौजी गड्याला तीन वर्षं लागली.

एका रविवारी तो गेला. चहाची कपबशी हातात तशीच धरून त्यानं सगळं ओकून टाकलं. "बाई, तुमचं पोर नापास हुणार हुतं. मीच वजन चढवलं त्येचं. जोड्यानं मारा मला."

शेवंताबाई आत गेली आणि धाकट्या पिराजीला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. सतरा वर्षांचं काडीपैलवान पोरगं.

"ह्योबी कमीच भरतोय, वस्ताद. ह्येलाबी तसंच चारा. केळी मी आणते."

"न्हाय बाई. ते परत न्हाय."

"मग हितं काय करू दे त्येनं? माज्यागत लोकांची खरकटी काढू दे?" तिचा आवाज चढला. "थोरल्याला धाडलासा तवा म्या काय बोलली काय? ह्येच्या पोटावर का पाय देतासा?"

यल्लाप्पा मान खाली घालून उठला.

पिराजी दोनदा भरतीला गेला आणि दोन्ही वेळा काट्यावरच नापास झाला. मग मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा उचलायला लागला. वस्तादानं युक्ती सोडल्यावर शाळेची पोरंही निघेनाशी झाली. एकोणऐंशी साली कॅप्टननी फाटकाला कुलूप घातलं.

बाजारात यल्लाप्पा दिसला की शेवंताबाई रस्ता बदलायची. एकदाच थांबली.

"जयसिंगाचं तुमास्नी कवाच माफ केलंय," ती म्हणाली. "पिराजीचं न्हाय करणार."