फायबरची महिनाभर तपासणी

आमच्या घरातलं इंटरनेट हळू आहे, ही गोष्ट मी सोडून घरातल्या सगळ्यांना मान्य होती. घरात माणसं तीनच. मी, माझी बायको शोभा आणि आमची एकुलती एक मुलगी प्राजक्ता. मतदान घेतलं असतं तर दोन विरुद्ध एक असा निकाल लागला असता. म्हणून मी मतदान घेतलंच नाही.

माझं म्हणणं साधं होतं. टेलिफोनच्या जुन्या तारेतून येणारं ते कनेक्शन कित्येक वर्षं इमानेइतबारे चालू होतं. आता, वेळ लागायचा हे खरं. शोभा रेसिपीचा व्हिडिओ लावायची आणि तो सुरू होईपर्यंत भाजी शिजवून मोकळी व्हायची. पण चालू तर होतं ना! मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. चालत्या मशीनला हात लावायचा नाही आणि नमुना तपासल्याशिवाय नवा माल आत घ्यायचा नाही, हे दोन नियम मी नोकरीभर पाळत आलोय. (घरात ते माझ्याशिवाय कुणी पाळत नाही, तो भाग वेगळा.)

गाडी अडली ती प्राजक्ताच्या मुलाखतीपाशी. इंजिनिअर होऊन दीड वर्ष पोरगी घरी बसून अर्ज करत होती. पुण्याच्या एका कंपनीत पहिल्यांदाच ती शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. मुलाखत ऑनलाइन होती. तिनं "माझा सगळ्यात मोठा गुण म्हणजे" इतकं म्हटलं आणि नेट अडकलं. पुढची चार मिनिटं पलीकडच्या साहेबांना एक डोळा मिटलेली आणि तोंड उघडं असलेली प्राजक्ता दिसत राहिली. मग तीही दिसेनाशी झाली. ती खोलीतून बाहेर आली, स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि उगाच लसूण सोलायला लागली. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की मी नेमकं भलतंच बोलतो. मी म्हणालो, "निदान गुण कोणता ते तरी कळायला हवं होतं त्यांना." त्या दिवशी मला जेवण वाढलं गेलं, पण कुणी 'अजून घ्या' म्हटलं नाही.

कंपनीतली माणसं चांगली निघाली. त्यांनी तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारी सकाळी अकराची नवी वेळ दिली. मोबाईलवरून द्यावी म्हटलं, तर आमच्या गल्लीत रेंज लागते ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. शोभानं स्पष्ट सांगितलं, आता तरी फायबर घ्या. मी म्हणालो, घाईत निर्णय घ्यायचा नाही. आमचे शेजारी पठारे गुरुजी, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, त्यांनी नुकतंच फायबर घेतलं होतं. मी जाहीर केलं की गुरुजींचं कनेक्शन हा आपला नमुना. महिनाभर निरीक्षण करायचं आणि मग ठरवायचं. तोपर्यंत मुलाखत गुरुजींच्या पुढच्या खोलीत बसून द्यायची.

गुरुजी सोन्यासारखा माणूस. ते लगेच हो म्हणाले. मी एक वही केली आणि रोज सकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून त्यांना विचारायला लागलो. वहीत 'सुरळीत' असा शेरा आणि खाली माझी सही. आठवड्याभरात गुरुजी मला बघताच, दात घासत असले तरी, हात वर करून हजेरी दिल्यासारखं "चालू आहे" म्हणायला लागले. शोभा म्हणायची, "अहो, त्यांनी नेट घेतलंय की गुन्हा केलाय?"

एवढ्यात नवरात्र जवळ आलं आणि शोभानं दसरा काढला. आमच्याकडे दसरा काढणं म्हणजे घरात जे जे धुता येईल ते सगळं धुणं. चादरी, पडदे, पायपुसणी, सतरंज्या. त्या रविवारी मी चुकून एका जागी दहा मिनिटं उभा राहिलो, तर शोभानं माझ्या अंगातला शर्टही मागितला. गच्चीवरच्या सगळ्या दोऱ्या भरल्या आणि शेवटी उरली ती गोधडी. सासूबाईंनी नऊवारी लुगड्यांचे सात थर देऊन शिवलेली. कोरडी असतानाच ती एकट्याला उचलत नाही, ओली झाल्यावर तर विचारूच नका. मी ती खांद्यावर घेऊन गच्चीवर उभा, आणि जागा कुठेच नाही.

तेवढ्यात मला आमच्या टाकीच्या पाइपाला बांधलेली एक काळी वायर दिसली. मला वाटलं, जुन्या केबल टीव्हीची बंद पडलेली वायर असणार. अशा वायरी गल्लीत सगळ्यांच्या गच्चीवर लोंबत असतात. तरी मी आंधळेपणानं काही केलं नाही. दोनदा ओढून पाहिली. एकदा लोंबकळून पाहिलं. 'ताण सहन करते' असा मनातल्या मनात शेरा मारला आणि गोधडी तिच्यावर टाकली. वायर वाकली, पण तुटली नाही. मी समाधानानं खाली आलो.

सोमवारी सकाळी भिंतीपलीकडून गुरुजींचा हात वर झाला नाही. त्यांचं नेट आदल्या दिवसापासून बंद होतं. आता खरं सांगायचं तर मला आनंद झाला. मी वहीत लाल पेनानं 'सदोष' असं लिहिलं, गुरुजींना वीस मिनिटं समजावून सांगितलं की नव्या वस्तूवर असा विश्वास टाकू नये, आणि घरी येऊन शोभाला म्हणालो, "बघितलंस?" प्राजक्ताचा चेहरा मात्र उतरला. ती म्हणाली, मी उद्या केडगावला मैत्रिणीकडे जाऊन मुलाखत देते. मी म्हणालो, काही गरज नाही, वायरमन सकाळी नऊला येणार आहे. एवढ्या सगळ्या प्रकरणात ठामपणे घेतलेला हा माझा एकच निर्णय, आणि तोही चुकला.

वायरमन सव्वादहाला आला. सुप्याहून मोटारसायकलवर आला होता. गुरुजींच्या घरात सगळं ठीक निघालं, म्हणून तो वायरीचा माग काढत आमच्या गच्चीवर निघाला. मागे मी, माझ्यामागे गुरुजी. जिन्यात मी त्याला सांगत होतो की मशीन खराब नसतं, वापरणारा अडाणी असतो. तोही मान डोलवत होता. वर यायच्या आधी त्यानं पेनासारखं एक यंत्र गुरुजींच्या घरातल्या वायरीच्या टोकाला लावून ठेवलं होतं. म्हणाला, जिथं आतून तुटली असंल तिथं लाल उजेड दिसंल. आम्ही तिघं उजेड शोधायला लागलो. तो दिसला गोधडीच्या खाली.

वायरमननं गोधडीचा कोपरा उचलला. "ही कोनाची हाय?"

मी पाण्याच्या टाकीकडे पाहिलं.

"लई जड हाय वो," तो शांतपणे म्हणाला. "ह्या वायरीत काच असती, केसाएवढी. दुमडली की खलास."

शोभा वर आली होती. ही वायर आपल्या टाकीला कधी बांधली, असं मी तिला जरा मोठ्यानं विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही पहिल्या शिफ्टला गेला होता तेव्हा. परवानगी मीच दिली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिचीही तपासणी लावली असती." मी काही बोलणार, तर गुरुजीच म्हणाले, "असू द्या हो. गोधडी वाळायला तर पाहिजेच ना." त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

साडेदहा झाले होते. वायरमननं जोड द्यायचं मशीन मांडलं, पण गच्चीवर असा वारा सुटला होता की ती केसाएवढी काच जागेवर बसेना. तो म्हणाला, "सायेब, आडोसा धरा कशाचा तरी." आडोसा एकच होता! ती अर्धी ओली, सात थरांची गोधडी मी डोक्यावर घेतली, दोन्ही हात पसरले आणि त्याच्यावर तंबू होऊन उभा राहिलो. खाली गुरुजींच्या खोलीत प्राजक्ता इस्त्रीचा ड्रेस घालून लॅपटॉपपुढे बसली होती. गुरुजी दर दोन मिनिटांनी कठड्यावरून वाकून तिला वरची खबर आणि धीर देत होते आणि शोभा मला किती वाजले ते सांगत होती, जे मी अजिबात विचारलं नव्हतं. माझ्या मानेवरून पाणी ओघळत होतं आणि मी मनातल्या मनात सगळ्या देवांना सांगत होतो की माझं काय करायचं ते करा, पण पोरीचं हुकू देऊ नका.

अकराला चार मिनिटं कमी असताना खालून प्राजक्ताचा आवाज आला, "आलं." मी गोधडीसकट खाली बसलो.

मुलाखतीत काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. साहेबांनी विचारलं, ऐनवेळी अडचण आली तर तुम्ही कशी हाताळता? तिनं आदल्या रविवारपासून सकाळी अकरापर्यंतची सगळी हकीकत सांगितली. वहीसकट. तिघंही साहेब पोट धरून हसले म्हणे. दोन आठवड्यांनी नेमणुकीचं पत्र आलं. मुलं बापाच्या पुण्याईवर पुढे जातात, आमची मुलगी बापाच्या बावळटपणावर नोकरीला लागली.

ती पुण्याला गेली त्याच आठवड्यात मी फायबरच्या फॉर्मवर सही केली. नमुन्याचा महिना कधीच उलटला होता, पण 'सुरळीत'चे शेरे अठराच होते; गोधडीनंतर भिंतीवरून विचारायला मला तोंड राहिलं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. चित्र इतकं स्वच्छ होतं की ती समोर बसल्यासारखी वाटली. खोली दाखवली, खिडकी दाखवली, डबा कोणाकडे लावला ते सांगितलं. मग थांबून म्हणाली, "बाबा, रडताय?"

मी म्हणालो, "नाही गं, नेट अडकलंय."

"बाबा, फायबर आहे ते."

जुन्या कनेक्शनचा एवढा मोठा फायदा, आणि सगळी नोकरी क्वालिटीत काढूनही तो माझ्या तपासणीत आला नव्हता!