चालल्या ओळी, चुकला आकडा

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षी मी परभणीजवळच्या एका शेती कचेरीत प्रोग्रामर म्हणून लागलो. मातीच्या तपासणीचे आकडे घातले की कोणत्या पिकाला किती खत द्यायचं ते छापून देणारा प्रोग्राम आम्ही दोघं लिहीत होतो. दुसऱ्या म्हणजे ताई. वयाने माझ्या आईएवढ्या, जिंतूरकडच्या शेतकरी घरातल्या. युरियात नत्र किती, एकराचं हेक्टर किती, असले कधी न बदलणारे आकडे त्यांनी वहीत लिहून दिले होते. मी ते प्रोग्रामात कॉन्स्टंट म्हणून टाइप केले.

आमच्याकडे एक कव्हरेज टूल होतं. प्रोग्राम तपासायच्या टेस्ट चालवल्या की त्याची प्रत्येक ओळ किती वेळा चालली, तो आकडा ते ओळीपुढे छापायचं. कॉन्स्टंटच्या ओळींपुढे मात्र काहीच नसायचं. तिथं नुसती किंमत लिहिलेली; चालायला काही नाहीच.

आमच्या कचेरीच्या साहेबांनी तो कागद पाहिला आणि ताईंवर घसरले. "तुमचाच भाग कोरा! टेस्ट केलीच नाही?"

ताई जागेवर येऊन चष्मा पुसत बसल्या. मला राहवेना. मी प्रत्येक कॉन्स्टंटचं एकेक छोटं फंक्शन, म्हणजे बोलावलं की तो आकडा परत देणारा चालता तुकडा, केलं आणि त्याचं उत्तर बरोबर येतं का, अशा टेस्ट लिहिल्या. फंक्शन म्हटल्यावर टूल मोजू लागलं. सगळ्या ओळींपुढे आकडे आले. साहेब खूश झाले.

आठवड्याभराने पालमचे एक शेतकरी छापील कागद घेऊन ताईंच्या टेबलाशी आले.

"बाई, दोन एकर पऱ्हाटीला दोनच पोते युरिया? आमी तर तीन घालायलोत. चुकलंय कायतरी."

ताईंनी हाताने कापसाचा हिशेब केला. तीन पोत्यांच्या जवळपासच येत होतं. वही उघडली: शंभर किलो युरियात नत्र सेहेचाळीस. प्रोग्रामात चौसष्ट. टाइप करताना मी आकडे उलटे घातले होते आणि टेस्टमध्येही वहीतून न घेता प्रोग्रामातूनच चौसष्ट उचलले होते. चुकीचा आकडा चुकीच्याच आकड्याशी ताडून पाहिला, मग टेस्ट पास होणारच.

मी लगेच म्हणालो, "ताई, चूक माझी हाय. साहेबांना मी सांगतो."

"सांग. पर आधी यांचा कागद नीट करून दे. उन्हातानाचे आलेत."

नवा कागद घेऊन ते गेले. साहेबांना मी सगळं सांगितलं. ते उठून ताईंच्या टेबलापाशी गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी मी उगाच बोललो."

"असू द्या," ताई म्हणाल्या.

माझी फंक्शनं आम्ही काढून टाकली. त्यांच्या जागी हाताने सोडवलेली खरी उदाहरणं टेस्ट म्हणून घातली. पहिलं पालमच्या दोन एकरांचं. नंतर दोन दुपारी ताई वहीतला एकेक आकडा मोठ्याने वाचत होत्या आणि मी पडद्यावर बोट ठेवून "हो" म्हणत होतो.