आमची चंद्री ‘अज्ञात’ नाही

आज, शनिवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी राजारामपुरीतल्या एका कलाप्रदर्शनात आमच्या गल्लीतल्या चंद्रीचा अपमान झाला. चंद्री म्हैस आहे.

अक्काताईंच्या गोठ्यात तिच्यासाठी सैंधव मिठाचा मोठा खडा टांगलेला असतो. चार महिने चाटून चाटून तिने त्याला आरपार खिडकी पाडली आणि कडा शंखासारख्या वळवल्या. मी तो खडा प्रदर्शनातल्या ‘प्राण्यांची कला’ या दालनासाठी दिला. अर्जावर कलाकाराचं नाव लिहिलं, चंद्री. माझं अक्षर कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सनी छडी घेऊन वळवलंय, ते वाचता आलं नाही असं कुणी सांगू नये.

आज अक्काताई नवं लुगडं नेसून बघायला आल्या. पाटीवर होतं, ‘कलाकार : अज्ञात’.

“अज्ञात कशी वो बाई? चंद्री हाय की ती! गल्लीत कुणालाबी इचारा.”

संयोजक म्हणाले, “मॅडम, म्हशीचं नाव लिहिलं तर लोक हसतील.”

मी म्हटलं, “इतर शिल्पांनाही हसतायत. तिथे नावं आहेतच की.”

तेवढ्यात एका गृहस्थांनी वाकून विचारलं, “हा संगमरवर कुठला?”

अक्काताईंनी अख्ख्या दालनाला ऐकू जाईल असं सांगितलं, “संगमरवर न्हाय पावणं, मीठ हाय. आमच्या चंद्रीनं जिभेनं घडवलंय!”

मंडळी, सांगा, यात हसण्यासारखं काय आहे?

संयोजकांनी पाटी बदलावी आणि सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर द्यावं. नाहीतर खडा गोठ्यात परत जाईल. चंद्रीचं त्यावरचं काम अजून संपलेलं नाही.