खिळ्यावरची माळ

लग्न होऊन लालबागच्या घरात आले, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी दार उघडलं, तर गॅलरीत पिवळ्या डोळ्यांची माणसं बसलेली. कोणी भिंतीला टेकून, कोणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून. एवढे पिवळे डोळे एकदम माझ्याकडे वळले आणि मी घाबरून आत पळाले. नवऱ्याला हलवून उठवलं. तो कूस बदलून म्हणाला, "आईचे पेशंट आहेत. काही देऊ नकोस त्यांना, उपाशीपोटी यायचं असतं." आणि पुन्हा घोरायला लागला. लग्नाआधी ही गोष्ट सांगावी असं त्या घरात कुणालाच वाटलं नव्हतं.

माझ्या सासूबाई काविळीची माळ द्यायच्या. रविवारी आणि बुधवारी, उजाडल्यावर. वरळीच्या बीडीडी चाळींतून, शिवडीतून, पार भायखळ्यातून माणसं यायची. बदल्यात काही घ्यायचं नाही, आणि घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत, 'येतो' असंसुद्धा म्हणायचं नाही, गपचूप उठून जायचं, असा नियम. आभार मानले की गुण जातो म्हणे. मला सुरुवातीला हे फार उद्धट वाटायचं. नंतर ऑफिसात दिवसभर 'थँक्यू थँक्यू' ऐकून आल्यावर तेच बरं वाटायला लागलं.

माळ फुलांची नव्हे. घेटुळी म्हणून जमिनीवर पसरणारी एक वनस्पती असते, लालसर देठांची. पूर्वी ती बंद गिरणीच्या कुंपणाशी हवी तेवढी मिळायची. तिथे काचेचा टॉवर उभा राहिल्यापासून दादरच्या फुलबाजारातली एक बाई टोपलीच्या तळाशी घालून आणते. तिचे ताजे देठ पेराएवढे कापायचे, एकेक करून दोऱ्यात अडकवायचे आणि वाटीच्या काठाएवढी चुंबळ करून रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. मग ती माळ रोज वाढते. कानांवरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, छातीवरून पोटावर. शेवटी पायाशी गळून पडली की कावीळ उतरली. हे मी ऐकीव सांगत नाही. 'गळ्यापर्यंत आली हो' म्हणून शर्टाची बटणं सोडून दाखवायला आलेली माणसं मी पाहिली आहेत.

सासूबाईंचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी मला शिकवायला घेतलं. स्वतःच्या मुलीला नाही. मुलगी दुसऱ्याच्या घरी जाणार, विद्या घरात राहायला हवी. नणंद फुरंगटून म्हणाली, "मला काय करायचाय तो पालापाचोळा," पण मी शिकायला बसले की दारात उभी राहून बघायची.

मला ते शिकणं आवडलं, हे मान्य करायला हवं. खोकल्याला अडुळशाची पानं आधी तव्यावर वाफवून मग पिळायची, बाळगुटीसाठी मुरुडशेंग आणि वेखंड सहाणेवर किती वळसे उगाळायचं, ओव्याची पुरचुंडी तान्ह्या बाळाच्या छातीला लावण्याआधी स्वतःच्या गालाला लावून बघायची. यातलं बरंचसं मी अजून करते आणि त्याने बरं वाटतं. माळेचं मात्र सासूबाई दार लोटून शिकवायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"गाठ नाय मारूची गो," त्या माझ्या बोटांवर चापटी मारत. "फास देवचो. नुसतो फास."

"गाठ मारली तर काय होतं?"

"माळ वाढणा नाय."

दुसरा नियम असा, की माळ अंगावर असेपर्यंत डॉक्टरची सुई नको. दोन औषधं एकमेकांना खातात. तिसरा नियम, माळ कधी कापायची नाही, ती आपणहून पडली पाहिजे. आणि चौथा, उरलेली माळ घरात ठेवायची नाही. त्याच दिवशी झाडाच्या बुंध्याशी नाहीतर समुद्रात टाकून यायची. का, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तसाच आसता." इतर प्रश्नांना त्या रागावून उत्तर देत. या एकाच प्रश्नाला त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं.

नणंद पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आली. हिंदमाताच्या कापडबाजारातून घेतलेली हिरवी साडी नेसून ती गॅलरीत केस वाळवत बसली होती. मी तिला लाडू द्यायला गेले, तिने मान वर केली आणि उन्हात मला तिचे डोळे दिसले. लाडू माझ्या हातातच राहिला. त्या घरात इतकी वर्षं काढल्यावर तो रंग ओळखायला मला कुणाची गरज नव्हती.

मी म्हटलं, आजच रक्त तपासून घेऊ. पोटुशी बाई आहे, इतरांसारखं नाही. नवरा म्हणाला, "आई बघेल ना." नणंद तर हसली. "वहिनी, आईने अख्ख्या परळची कावीळ उतरवली आणि माझी नाही उतरवणार? तुला ना, सगळंच पिवळं दिसायला लागलंय." सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला देठ कापायला सांगितलं.

तो बुधवार होता. मी केलेली पहिली माळ त्यांना वेडीवाकडी वाटली. दुसरी करायला लावली, ती त्यांनी थरथरत्या हातांनी लेकीच्या डोक्यावर ठेवली. मला ऑफिसला उशीर होत होता. पहिली माळ झाडाशी टाकायला कोण जाणार, म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावर, कॅलेंडरच्या वर अडकवली, त्यावर बाजाराची पिशवी टांगली आणि धावत सुटले. पुढे ती माळ माझ्या डोक्यातून साफ गेली.

नणंदेची माळ वाढत होती. गळ्यात आली तेव्हा शेजारच्या काकू उसाचा रस घेऊन आल्या. छातीवर आली तेव्हा तिच्या सासरी वरळीला फोन गेला, उतार पडतोय म्हणून. पण ती खात नव्हती. खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं. लघवी कोऱ्या चहासारखी होत होती आणि हात सारखे खाजवून तिने रक्त काढलं होतं. दिवसभर झोपायची. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा सगळ्यांनी माळेकडे बोट दाखवलं. हातच्या काकणाला आरसा कशाला! मीसुद्धा माळेकडे बघायचे आणि गप्प बसायचे, कारण माळ खरंच उतरत होती. "पोटावरून खाली इली की सुटली," सासूबाई सारखं म्हणत होत्या. माळ तिच्या पोटावर आली आणि त्या मोठ्या पोटावर तिथेच अडली.

त्या दुपारी मी घरी होते. बाजारात जायला म्हणून खिळ्यावरची पिशवी ओढली आणि तिच्यामागून ती माळ मोकळी होऊन खाली लोंबली. वाटीच्या काठाएवढी अडकवलेली माळ कॅलेंडरच्या खालच्या कडेपर्यंत आली होती.

मला आधी कळेचना मी काय बघतेय. मग देठ हातात घेतले. वाळून काडीसारखे झाले होते. देठ बारीक झाला की फास सैल पडतो, फास सैल पडला की त्यातला दोरा सुटा होतो आणि माळ लांबते. एवढंच. गाठ नाय मारूची गो.

मी ती तशीच आत नेली आणि झोपलेल्या नणंदेच्या अंगावरच्या माळेशेजारी धरली. बोटभराचाही फरक नव्हता. भिंतीवरची माळ आणि त्या पोरीच्या अंगावरची माळ सारखीच उतरली होती, आणि तिचा चेहरा उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर हळदीसारखा दिसत होता.

सासूबाई मोरीशी बसून भाजी निवडत होत्या. मी माळ त्यांच्यापुढे धरली. "आई, ही बघा, आपल्या भिंतीची कावीळ उतरली."

त्यांनी बघितलं. दचकल्या नाहीत. त्या दचकल्या असत्या तर मी इतकी घाबरले नसते.

"माका ठावक आसा," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"माळ वाढताच. कोणाच्याय अंगावर वाढता. तेवढे दिस माणूस निजान ऱ्हवता, तेलकट खायत नाय, दारू पियत नाय. कावीळ आपणहून उतरता. माझ्या सासूनच सांगलेला माका."

"आणि हिला? हिला का नाही नेलं डॉक्टरकडे? तुम्हाला तर माहीत होतं!" मी ओरडतच होते.

त्यांनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "माका वाटला," त्या म्हणाल्या, "उतरता हा म्हणून." दुसऱ्यांच्या पोरांच्या वेळी ज्या बाईला सगळं ठाऊक होतं, ती स्वतःच्या लेकीच्या वेळी रोज सकाळी माळ बोटांनी मोजत होती आणि तिच्यावर विश्वास ठेवत होती. मला त्यांचा इतका राग आला, की त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. तेवढ्यात आतून नणंदेचा आवाज आला, अगदी गोड, शाळेतल्या मुलीसारखा.

"वहिनी, तुझं लग्न कधी आहे गं?"

तिला भ्रम झाला होता. मग मी टॅक्सीसाठी धावले.

परळच्या मोठ्या इस्पितळात तिला आत घेतलं. तिथल्या सिस्टरने विचारलं, "हे काय गळ्यात? काढा आधी." सगळं कबूल करून आलेल्या माझ्या सासूबाई एकदम पुढे झाल्या आणि तिच्या पोटावर दोन्ही हात आडवे धरून म्हणाल्या, "कापू नको! आपणहून पडाक व्हयी!" मला आजही तो आवाज आठवला की रडू येतं. मी सिस्टरच्या हातातली कात्री घेतली, सासूबाईंचे हात बाजूला केले आणि माळ कापली. नणंदेचे डोळे तेव्हा उघडे होते.

बाळ वाचलं नाही. मुलगी होती. नणंद बरेच दिवस काचेपलीकडे नळ्यांमध्ये पडून होती, आणि ती वाचली.

ती घरी यायच्या आतच चाळीत गोष्ट तयार झाली होती. माळ पोटावर असताना सुनेने कापली, म्हणून मूल गेलं. नळावर बायका मी गेले की गप्प व्हायच्या. नणंदेने मला काही विचारलं नाही. तिने कात्री पाहिली होती, तेवढं तिला पुरेसं होतं. ती सरळ वरळीला गेली आणि माझ्याशी बोलायची बंद झाली. सणाला आली तरी माझ्या हातचं पाणी घ्यायची नाही.

सासूबाईंनी एक वाक्य उच्चारलं असतं तर माझी सुटका झाली असती. त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. माझ्या चांगुलपणाचे गोडवे गाण्यासारखं त्यात काही नाही, कित्येकदा खरं काय ते ओठावर आलं होतं. पण त्या पोरीचं मूल गेलं होतं, वर तिची आईही काढून घ्यायची? आणि खरं सांगायचं तर सासूबाईंनी स्वतःच बोलावं असं मला वाटत होतं. एका घरात राहून, एका ताटलीतून शेंगा सोलून खात, मी त्याची वाट बघत होते.

त्यानंतर कोणी माळेला आलं, की सासूबाई 'पयला डॉक्टराकडे जावा' म्हणून परत पाठवायच्या. लोक नाराज होऊन जायचे. माळ कापल्यापासून म्हातारीच्या हाताचा गुण गेला, असं म्हणायचे. गॅलरी रविवारीही रिकामी राहू लागली.

गेल्या वर्षी नणंदेला पुन्हा दिवस गेले. पोट दिसायला लागल्यावर एका सकाळी ती आली. मी लांबूनच तिचे डोळे पाहिले. स्वच्छ होते. तपासण्याही सगळ्या ठीक होत्या, माझ्या नवऱ्याला ती फोनवर सांगत होती ते मला ऐकू आलं होतं. तरी ती आईसमोर बसून म्हणाली, "मला माळ घाल. आत्ताच घालून ठेव, मला भीती वाटते. आणि ह्या वेळी वहिनीचा हात लागायला नको."

सासूबाई उठून स्वयंपाकघरात आल्या. त्यांच्या हातांना आता वाटीसुद्धा धरवत नाही, फास कुठून देणार? त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला काय ते कळलं. लेक येणार म्हणून त्यांनीच फुलबाजारातून मागवून ठेवलेले देठ मी ओट्यावर घेतले आणि माळ केली. प्रत्येक फासाला माझं मन मला शिव्या घालत होतं. आता त्या ही बाहेर नेतील, स्वतःची म्हणून लेकीच्या डोक्यावर ठेवतील आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं सुरू होईल, असंच मला वाटलं.

त्यांनी माळ घेतली. लेकीच्या डोक्यावर नाही ठेवली. दारामागे जाऊन, दोन्ही हातांनी धडपडत, खिळ्यावर अडकवली.

"आज हयसर ऱ्हव," त्या लेकीला म्हणाल्या. "आणि ह्या माळेकडे बघ."

नणंद राहिली. सुरुवातीला चिडून, मग कुतूहलाने. दर थोड्या वेळाने उठून दारामागे जायची. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली तेव्हा माळ कॅलेंडरवर उतरून तारखांच्या वरच्या ओळीला टेकली होती. तिने एक देठ बोटांत धरून त्याचा सैल फास ओढून बघितला. मी भांडी तशीच सोडून ओट्याला टेकले. सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या, पदर तोंडाशी धरून.

"आई," नणंद वळून म्हणाली, "तुला हे माहीत होतं?"

सासूबाईंनी पदर खाली घेतला. "होय गो," त्या म्हणाल्या. "तेव्हाय माहीत होता."

त्या जमिनीला हात टेकून लेकीकडे जायला उठू लागल्या. नणंदेने दोन्ही हात आपल्या पोटावर धरले आणि ती मागे सरकली, आईपासून दूर, माझ्या बाजूला.