कान, तळहात आणि आठ सिलिंडर

प्रश्न असा आहे: ज्या गाडीला इंजिनच नाही, तिचे इंजिन ओळखताना एखादा माणूस चुकला, असे म्हणता येईल का? दम्मामच्या सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वसाहतीत, हा प्रश्न एका दुपारी माझ्यापुढे निवाड्यासाठी आला. मी इथल्या एका भारतीय शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, एवढीच माझी पात्रता. प्रश्न वाटतो तितका पोरकट नव्हता. त्याच्या उत्तरावर एका माणसाचे घरी जाणे अवलंबून होते.

तो माणूस म्हणजे आमचे गॅरेजवाले चाचा. कोणतीही गाडी दारात आली की ते डोळे मिटत, मान किंचित डावीकडे झुकवत, उजवा तळहात बॉनेटवर ठेवत आणि डाव्या हाताने सगळ्यांना गप्प करत.

"थांबा. आधी त्याला बोलू द्या."

'तो' म्हणजे इंजिन. गाडीचा मालक काय सांगतो, यात चाचांना कधीच रस नव्हता. माझी ओळख झाली तीही अशीच. मी नुकती गाडी चालवू लागले होते आणि मागून सारखी टिकटिक ऐकू येत होती. चाचांनी बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले आणि निदान केले, "बाई, ही गरीब गाय हाय. हिला काय झालेलं नाय. मागच्या सीटखाली तुमचा डबा हाय, त्यात चमचा हाय." डबा होता. चमचाही होता.

मूळचे ते दाभोळच्या खाडीकाठचे. मेंदी लावलेली दाढी, कपाळावर चढवलेला आणि डोळ्यांवर क्वचितच उतरणारा चष्मा, आणि स्वतःच्या कानाविषयी अपार आदर. नम्रता हा गुण त्यांच्यापाशी औषधालाही नव्हता. "साऱ्या सनाइयात कान एकच," असे ते स्वतःच सांगत आणि त्या कानाला हात लावून दाखवत. गिऱ्हाइके त्यांना 'मुहंदिस' म्हणत. अरबीत मुहंदिस म्हणजे इंजिनियर. ही पदवी त्यांनी कोणत्याही विद्यापीठाचा आग्रह न धरता स्वीकारली होती.

इथे अमेरिकन स्पोर्ट्‌स गाड्यांचे वेड जुने आहे, आणि चाचांचा खरा जीव त्या गाड्यांच्या आठ सिलिंडरी इंजिनांत होता. त्या इंजिनांचा इतिहास त्यांनी मला काळ्या चहाच्या घोटांबरोबर शिकवला. तो पुस्तकातला नव्हता. त्यांच्या हिशेबी ते एक कुटुंब होते.

"साठच्या सालातलं इंजिन म्हणजे सासरा," ते म्हणत. "अंगानं दांडगा, खाणं दांडगं, हसला तर कौलं हलतील. पेट्रोल किती पितो हे विचारायची कोणाची छाती नाय. मग सत्तरच्या सालात आला मोठा जावई. अंग सासऱ्याएवढंच, पण डॉक्टरनं पथ्य दिलेलं. बसला की उठवत नाय."

पथ्याची कारणे मी वर्गात सांगावीत तशी सांगितली. हवा कमी दूषित व्हावी असे नियम आले, शिसे नसलेल्या पेट्रोलसाठी सिलिंडरमधला दाब उतरवावा लागला आणि तेलही महागले. शिवाय मोजमापाची रीतच बदलली. पूर्वी इंजिन गाडीबाहेर काढून, त्याच्यावरची बरीचशी ओझी उतरवून ताकद मोजत. पुढे सायलेन्सर, पंखा, पट्टे, सगळे लावून मोजू लागले. त्यामुळे आकड्यातली काही घट खरी होती आणि काही नुसती कागदावरची.

चाचांनी विचार केला. "म्हणजे सासऱ्याला बनियनवर पळवला आणि जावयाला शेरवानी घालून?"

"अगदी तसेच."

"मग जावयावर अन्याय झाला, बाई." त्या दिवसापासून ते सत्तरच्या दशकाविषयी थोडे मऊपणाने बोलू लागले.

पुढची पिढी कॉम्प्युटर शिकलेली. पेट्रोल किती आणि कधी सोडायचे हे यंत्र ठरवू लागले आणि इंजिनाला पुन्हा बळ आले. नंतर सुपरचार्जर लावलेली इंजिने आली. त्यांत इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंप सिलिंडरांत जास्त हवा कोंबतो. टर्बो हेच काम धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर करतो. "सुपरचार्जर शिट्टी घालतो, टर्बो पुटपुटतो," हा चाचांचा धडा माझ्या पाठ्यपुस्तकापेक्षा आटोपशीर होता. सावकाश चालताना आठांपैकी चार सिलिंडर बंद ठेवणारे इंजिन मात्र त्यांना मुळीच पटले नाही. "चौघं राबतात, चौघं झोपतात. गाडी हाय की कचेरी?"

आठ सिलिंडरांचा आवाज का गडगडतो, हे त्यांनी मला एकदाच विचारले. मी सांगितले की नेहमीच्या अमेरिकन रचनेत एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत, कधी दोन लागोपाठ, कधी मध्ये खंड, आणि त्या असमान ठेक्यामुळे ती गडगड उमटते. त्यांनी मन लावून ऐकले आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या घरची भांडणं." विषय संपला.

घरचा विषय निघाला की चाचांचा आवाज एक पट्टी खाली येई. त्यांची बायको गावी होती. मुली लग्न होऊन आपापल्या घरी गेलेल्या. "कधी येताव?" या तिच्या प्रश्नाला चाचांनी फार वर्षांपूर्वी फुशारकीने एक उत्तर देऊन ठेवले होते: "ज्या दिवशी एखादं इंजिन ओळखायला चुकेन, त्या दिवशी कायमचा येईन. इंशाल्ला." तेव्हापासून ती दर शुक्रवारी फोनवर आधी खुशाली विचारी आणि मग खणखणीत आवाजात एकच प्रश्न करी.

"चुकलाव की नाय?"

"अजून नाय."

"बरं." फोन बंद.

आता सत्याला धरून सांगायला हवे. चाचा चुकत. पण चूक झाली की नाही हे ठरवणारे न्यायाधीशही तेच होते. एकदा टर्बो लावलेल्या सहा सिलिंडरांना त्यांनी आठ म्हटले. बॉनेट उघडून मोजून दाखवले, तर म्हणाले, "सहा जण आठांचं काम करतायत. मी कामं मोजली, माणसं नाय." दुसऱ्यांदा ओळख साफ चुकली, तेव्हा गाडीने खोटे पेट्रोल प्यायले आहे, असा निकाल लागला. वाद घालून समोरच्याला दमवणे ही त्यांची दुसरी विद्या होती, आणि तिच्या जोरावर ते इतकी वर्षे दम्मामात होते.

मला मात्र वेगळीच शंका होती. शिक्षकाची सवय: एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. एका गुरुवारी मी म्हटले, "चाचा, आज हात खिशात ठेवून ओळखा."

ते तयार झाले. हात खिशात घातले, डोळे मिटले, मान झुकवली. गाडी गुरगुरत होती. चाचा या पायावरून त्या पायावर झाले. कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, हात खिशात असले की मला ऐकू येत नाय."

शेजारच्या रंगकाम करणाऱ्या मल्याळी सेठने इतके हसून घेतले की त्याचा चहा सांडला. पण माझे अनुमान पक्के झाले. चाचांचा कान चांगला होता, पण त्यांची विद्या तळहातात होती. बॉनेटची थरथर, तिचा ठेका, पत्रा तापण्याची घाई, हे सगळे ते हाताने वाचत आणि श्रेय कानाला देत. हात खिशात होते म्हणून तो प्रयोग अर्थातच परीक्षा धरला गेला नाही. तसा निकाल चाचांनीच दिला.

त्यानंतर काही महिन्यांनी मी गाडीचे तेल बदलायला गेले, तर चाचा खुर्चीवर नुसते बसले होते. समोरचा चहा थंड झालेला.

"काय झालं, चाचा?"

"काय नाय." त्यांनी थंड चहा बाजूला सरकवला. "बाई, ती हल्ली विचारत नाय."

"काय विचारत नाही?"

"चुकलाव की नाय, ते. खुशाली विचारते, पाऊसपाणी सांगते, फोन ठेवते. मीच काल म्हटलं, अगं, विचार की. तर म्हणते, राहू दे."

"मग सरळ परत जा ना," असे मी म्हणाले खरी.

"असंच कसं जाऊ?" ते जवळजवळ रागावले. "साऱ्या गावाला ठावं हाय. न चुकता गेलो तर म्हणतील, हाकलला."

आता ती दुपार. चाचांच्या कफिलाचा, म्हणजे ज्याच्या नावावर गॅरेज होते त्या सौदी गृहस्थाचा, मुलगा नवी गाडी घेऊन आला. गॅरेजात अजून कोणी तशी पाहिलेली नव्हती. रूप जुन्या अमेरिकन स्पोर्ट्‌स गाडीचे, रुंद आणि रागीट. ती दारात उभी राहिली आणि पोटातून गडगडू लागली. मुलगा उतरला, डोळे मिचकावत म्हणाला, "यल्ला, चलो मुहंदिस! बोलो, कौनसा इंजन?"

चाचा पुढे झाले. सेठ आला, मी माझ्या गाडीतून उतरले. चाचांनी मान झुकवली, डोळे मिटले. या वेळी त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते.

"थांबा," ते म्हणाले. "आधी त्याला बोलू द्या."

ते बराच वेळ ऐकत राहिले. मग ठणठणीत आवाजात म्हणाले, "आठ सिलिंडर. वर सुपरचार्जर. सासऱ्याचा नातू."

मुलाने बॉनेट उघडले. आत एक बॅग होती आणि खजुराची पेटी. गाडी विजेची होती. गडगड स्पीकरमधून, मागच्या बाजूने येत होती. अमेरिकन इंजिनाचा हा शेवटचा वंशज: देह गेला, आवाज ठेवला.

मुलगा टाळ्या वाजवत हसला. पण सेठ चाचांच्या बाजूने उभा राहिला. "अरे, इंजन ही नहीं है, तो गलत कैसे? चाचा, तुम बोलो ना!" मुलालाही ते पटले. तो म्हणाला, "टीचर बोलेगी." सगळे माझ्याकडे वळले.

मी मुद्देसूद निकाल दिला. चाचांची अट होती, 'इंजिन ओळखायला चुकेन तर'. इथे इंजिन अस्तित्वातच नाही, म्हणून अट लागू होत नाही. शिवाय तो आवाज सुपरचार्जरवाल्या आठ सिलिंडरांसारखाच बनवलेला होता, म्हणजे आवाजापुरते चाचा बरोबरच होते. सेठने टाळी दिली. चाचांना इतका सोपा बचाव कधीच मिळाला नव्हता. आता ते नेहमीप्रमाणे छाती काढतील, अशी सगळ्यांची खात्री होती.

चाचा म्हणाले, "बाईंचा निकाल बरोबर हाय. पण माझ्या बायकोला तुमचं शास्त्र कळत नाय. तिला एवढंच कळतं, चुकलाव की नाय. चुकलो. खलास."

आणि तिथेच, आम्हा सर्वांसमोर, त्यांनी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"अगं, मी बोलतंय. चुकलो."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज.

"खरंच?"

"खरंच. बाई साक्षीला हायत."

"कुठलं इंजिन होतं?"

चाचांनी माझ्याकडे पाहिले. "ते नंतर सांगतो. लांबड हाय."

"मग येताना उगाच कांबळी नि खजूर आणू नका," ती म्हणाली. आवाज खणखणीतच होता. "तुम्ही या."

निरोपाच्या दिवशी मी त्यांना एकटे गाठून विचारले, "चाचा, त्या दिवशी हात मागे का होते?"

"तुम्ही समोर होताव ना, बाई. शाळेतल्यासारखा उभा होतो."

परीक्षेत विद्यार्थ्याने प्रश्नाला अशी बगल दिली असती, तर मी गुण कापले असते.

त्यांच्या खुर्चीच्या जागी आता स्कॅनर आहे. तो वायरने गाडीला जोडला की बिघाड पडद्यावर दाखवतो. डबा आणि चमचा त्याला अजून सापडत नाहीत. मागच्या महिन्यात चाचांच्या मुलीने मला एक व्हिडिओ पाठवला. खाडीत शेजाऱ्यांची मासेमारीची होडी उभी आहे, इंजिन धडधडते आहे, आणि चाचा डोळे मिटून, इंजिनाच्या पेटीवर उजवा तळहात ठेवून उभे आहेत. मागून बायकोचा आवाज येतो, "त्याचं बोलणं झालं असेल तर जेवायला चला."

आता मूळ प्रश्नाकडे. चाचा चुकले का? माझे उत्तर 'नाही' असे आहे, पण सनाइयात दिलेल्या कारणासाठी नव्हे. माझे कारण तपासता येण्याजोगे आहे, म्हणून वाचकांना विनंती करते. कधी अशी गडगडणारी विजेची गाडी दिसली, तर मालकाच्या परवानगीने तिच्या बॉनेटवर तळहात ठेवा. मग आठ सिलिंडरांच्या, इंजिन चालू असलेल्या गाडीच्या बॉनेटवर ठेवा. पत्रा तापलेला असू शकतो, म्हणून आधी हाताची मागची बाजू हलकेच लावून पाहावी. दोन्हींतला फरक जाणवला, तर ज्याने सारा जन्म तळहातावर काढला त्याने त्या दुपारी हात मागे का बांधले, ते तुमचे तुम्हीच ठरवा.